त्याच तिकिटावर

उदय खैरनार हा माणूस सौदी अरेबियातल्या राबिघच्या रिफायनरीत एका कंत्राटदार कंपनीकडे बावीस वर्षं पंप सांभाळत होता आणि ते काम चोख करत होता. त्याला पंपाबद्दल काही विचारलं तर दोन वाक्यांत उत्तर मिळे. रेल्वेबद्दल विचारलं तर मात्र संध्याकाळ जाई. म्हणून कंपनीच्या वसाहतीतली शहाणी माणसं त्याच्यापुढे रेल्वेचा विषय चुकूनही काढत नसत.

दोष त्याचा एकट्याचा नव्हता. वडील मनमाड जंक्शनला बुकिंग क्लार्क होते. पोरगं रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलं आणि अक्षरओळख झाली तीच मुळी टाइमटेबलावरून. पुढे नोकरीसाठी आला तो अशा जागी, जिथे आसपास शेकडो मैल रूळ नव्हते. माणूस उपाशी राहिला की काहीही खातो. कंपनीने एकदा त्याला ट्रेनिंगसाठी टेक्सासला पाठवलं, तेव्हा एका जुन्या बाजारात त्याला सन एकोणीसशे अकराचं रेल्वे टाइमटेबल मिळालं. घड्याघड्यांचं, कडांना पिवळं पडलेलं. त्यानंतर तो इंटरनेटवर शोधून शोधून तसलीच टाइमटेबलं मागवत राहिला आणि त्याच्या खोलीतला एक अख्खा ड्रॉवर शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेने भरून गेला.

त्याला गाड्यांच्या वेळांपेक्षा जास्त आवडत त्या मागच्या बाजूच्या जाहिराती. कुठल्या तरी आडगावचा हॉटेलवाला सांगतोय की आमची घोडागाडी प्रत्येक गाडीला स्टेशनावर हजर असते, प्रवाशांना फुकट. कुणी टोपीवाला, कुणी न दुखवता दात काढणारा डॉक्टर. एका दुकानात तर पलंग आणि शवपेट्या दोन्ही मिळत, आणि दोन्हींची खात्री एकाच ओळीत दिलेली होती. गाव टीचभर, पण उमेद अशी की न्यूयॉर्कहून निघालेल्या माणसाने इथे उतरलंच पाहिजे. आणि माणसं खरंच उतरत, कारण तिथे वाटेत उतरायची सवलत असे. चार दिवस राहा, झऱ्याचं पाणी प्या, पुढच्या गाडीने त्याच तिकिटावर पुढे जा. उदय हे सगळं वाचायचा आणि अगदी सुखात असायचा.

दर शुक्रवारी दुपारी तो गफूरच्या खानावळीत जेवायला जाई. गफूर बाणकोटच्या खाडीकाठचा. तीस वर्षांपूर्वी त्याने मदिनेच्या जुन्या रस्त्यावर, राबिघच्या अलीकडे, ही खानावळ टाकली. जेद्द्याहून मदिनेला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या बस तिथे थांबत. बसमधून रत्नागिरीची, रायगडची माणसं उतरत आणि गफूरची बायको मैमुना त्यांना नारळाच्या रसातली कोळंबी वाढे. मग मदिनेची वेगवान गाडी सुरू झाली. राबिघजवळ तिचं स्टेशनही झालं, पण यात्रेकरूंपैकी तिथे उतरायचं कुणाला काहीच कारण नव्हतं. बस कमी झाल्या. खानावळ बंद पडली असं नाही, ट्रकवाले येत होते आणि पोटभर जेवत होते. पण ताटावरून उठताना त्यांच्यातला एकही "भाभी, गावची याद आली" असं म्हणत नव्हता, आणि मैमुनेला तेच हवं होतं. खाडीकाठच्या त्या गावांत रीतच आहे, हज-उमऱ्याला निघालेला गाववाला वाटेत आपल्या दारावरून उपाशी जाऊ द्यायचा नाही. आता गाववाले रोज दारावरून जात होते, तेही तीनशे किलोमीटरच्या वेगाने. मैमुना मागच्या दारातून लांबवर जाणारी गाडी बघायची आणि आत यायची.

एका शुक्रवारी उदय ते एकोणीसशे अकराचं टाइमटेबल प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आला आणि कोळंबीचं ताट बाजूला सारून त्याने फुकट घोडागाडीची जाहिरात मोठ्याने वाचून दाखवली. मग शवपेटीची. गफूर हसून हसून बेजार झाला. मैमुना हसली नाही. ती हात पुसत येऊन शेजारी बसली आणि म्हणाली, हे आपण का करू नये? खिशात मावेल असं गाडीच्या वेळांचं कार्ड, मागे आपली जाहिरात. उदयला दुसरं काय पाहिजे होतं? पुढचे तीन आठवडे त्याने पंपांकडे फक्त पगारापुरतं लक्ष दिलं.

कार्ड छान झालं. एका बाजूला मदिनेच्या गाड्यांच्या वेळा, मराठीत आणि उर्दूत. दुसऱ्या बाजूला जेद्द्यातला एक कोकणी शिंपी, एक खजूरवाला, सामानाचे खोके बांधून देणारा एक, आणि सगळ्यांच्या वर मोठ्या अक्षरांत गफूर खानावळ: "राबिघला उतरा. तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातली कोळंबी, गरम घावणे. स्टेशनावर आमची गाडी हजर, फुकट. जेवा आणि त्याच तिकिटावर पुढच्या गाडीने मदिना गाठा."

शेवटच्या ओळीवर मैमुनेचं बोट थांबलं होतं. त्याच तिकिटावर जाता येतं का, हे एकदा विचारून घ्यावं का, असं ती म्हणाली. उदयने हात हलवला. भाभी, मी रेल्वेत जन्मलोय, याची काळजी माझ्यावर सोडा. मनमाडला त्याचे वडील वाटेत उतरणाऱ्यांच्या तिकिटांवर शेरा मारून देत, हे त्याने लहानपणी खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिलं होतं. अमेरिकेतही तेच. म्हणजे जगात तेच. खिशातला फोन काढून पाहिलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं, पण ज्याला सगळं ठाऊक असतं तो कधी पाहत नाही. गफूर आणि मैमुना तीस वर्षं मदिनेला मोटारीनेच जात होती. त्यांनी उदयसाहेबावर विश्वास ठेवला.

कार्डं जेद्द्याच्या लॉजांत पोचली, गावोगावच्या जमातींच्या ग्रुपवर फोटो फिरले आणि तीन आठवडे कुणीही आलं नाही. उदयने दोघांना समजावलं की अमेरिकेतही वेळ लागायचा. मग एका सोमवारी नूरैन नावाच्या मुलीचा फोन आला. ती आणि तिची दादी उद्या पहाटेच्या गाडीने मदिनेला निघणार होत्या, दादीला राबिघला उतरायचं होतं. दादीचं नाव अमिरुन्निसा. ती गफूरच्याच गावची निघाली, त्याच्या आईची मैत्रीण, गफूरला कडेवर घेतलेली. फोन ठेवल्यावर गफूरला काही सुचेना. मैमुनेने तेव्हाच तांदूळ भिजत घातले.

अडचण एकच होती. गफूरच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चारच दिवसांपूर्वी झालं होतं आणि डॉक्टरने गाडी चालवायला मनाई केली होती. उदयने मंगळवारची रजा टाकली. पहाटे साडेपाचला राबिघच्या त्या काचेच्या भल्यामोठ्या स्टेशनात तो हातात पुठ्ठा धरून उभा होता आणि पुठ्ठ्यावर मराठीत लिहिलं होतं, "गफूर खानावळ". दोन सुरक्षारक्षक ती अक्षरं डोकं तिरकं करून वाचायचा प्रयत्न करत होते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या घोडागाडीवाल्याला काय वाटत असेल ते आज आपल्याला कळलं, असं उदयला वाटलं, आणि त्याची छाती फुगली.

उतरल्या दोघीच. नूरैन विशीची, हातात दोन फोन आणि पाठीवर सॅक. अमिरुन्निसा बहात्तर वर्षांच्या, लहानखुऱ्या, गुडघ्यांनी थकलेल्या, नातीचा हात धरून पावलापावलाने येणाऱ्या. उदयने सांगितलं की गफूरभाईंनी न्यायला पाठवलंय. मावशीला म्हणतात तसं "खाला" म्हणून त्यांचा दुसरा हात धरला तेव्हा त्या म्हणाल्या, "गफूरने माणूस चांगला ठेवलाय." उदयला हेही आवडलं.

खानावळीकडे जाताना त्यांनी आपण होऊन सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी त्या नवऱ्याबरोबर मदिनेला आल्या होत्या आणि तिथे चारही दिवस तापाने फणफणून हॉटेलात पडून राहिल्या. नवरा मशिदीतल्या रियाझुल जन्नतमध्ये, ज्या जागेला स्वर्गातली बाग म्हणतात तिथे, नमाज पढून आला आणि त्यांच्या उशाशी बसून म्हणाला, पुढच्या वेळी तुला घेऊनच आत जाईन. पुढची वेळ यायच्या आत तो गेला. आता तिथे फोनवर परवानगी काढावी लागते, बायकांची वेळ वेगळी, आणि एकदा मिळाली की पुन्हा वर्षभर मिळत नाही. नूरैनने पंधरा दिवस फोनवर बोट ठेवून ती मिळवली होती. आज सकाळी साडेदहा. उद्या दुपारी त्यांचं मुंबईचं विमान होतं.

"सव्वासातची गाडी, नऊला मदिना," नूरैन कार्ड बघत म्हणाली. "दीड तास हातात राहतो." ती दादीशी हिंदीत बोलायची आणि दादी तिला मराठीत उत्तर द्यायची.

खानावळीत जे झालं ते बघायला हवं होतं. मैमुनेने दारातच म्हातारीला मिठी मारली आणि दोघी रडल्या. गफूर डोळ्यावर पट्टी बांधून समोर उभा राहिला, तर अमिरुन्निसांनी त्याचा कान पकडून विचारलं की आईला सहा-सहा महिने पत्र का लिहीत नव्हतास. आई जाऊन वीस वर्षं झाली होती. तरी गफूरने कान सोडवून घेतला नाही. मग घावणे आले, गुळाचा रस आला, सकाळी सकाळी कोळंबीही आली. अमिरुन्निसा सावकाश जेवल्या, बोटं चाटून जेवल्या, आणि ताटावरून उठताना मैमुनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, गावाला जाऊन आल्ये मी." मैमुनेने पदर डोळ्यांना लावला. उदय कोपऱ्यात बसून हे बघत होता आणि हे सगळं आपण घडवून आणलं म्हणून स्वतःवर बेहद्द खूश होता. घाईत तो स्वतः काही खायचंच विसरला.

सातला ते स्टेशनात परत आले. नूरैनने फाटकावर फोन टेकवला. लाल दिवा लागला. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल. काउंटरवरचा सौदी तरुण सभ्य होता. त्याने तिकीट तपासलं, उदयचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की गाडी आणि जागा ठरलेली असते, प्रवासी वाटेत उतरला की तिकीट खलास. नवं तिकीट घ्यावं लागेल. घेतो, उदय म्हणाला, लगेच द्या. तरुणाने पडद्यावर पाहिलं. शाळांना सुट्टी होती, सव्वासातची गाडी पूर्ण भरलेली होती, त्यानंतरचीही. दोन जागा मिळत होत्या त्या साडेअकराच्या गाडीत.

उदयने पुन्हा पडद्याकडे बोट दाखवलं, तरुणाने मान हलवली. बावीस वर्षांत उदयच्या हाताखालचा एक पंप कधी असा बंद पडला नव्हता. काचेपलीकडे सव्वासातची गाडी आली, दोन मिनिटं थांबली आणि गेली. नूरैनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती कार्डाकडे बघत इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होती. अमिरुन्निसा बाकावर बसल्या होत्या. त्यांनी कुणाला दोष दिला नाही, फक्त विचारलं, "आता नाय जमणार काय?"

"जमणार," उदय म्हणाला. मदिना तिथून तीनशे किलोमीटर होती आणि घड्याळात सात वीस झाले होते.

गाडी महामार्गाला लागली तेव्हा त्याने गफूरला फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं. गफूर म्हणाला की तू फक्त चालव, पुढचं मी बघतो. उदय आयुष्यात कधी एकशेवीसच्या वर गेला नव्हता. वसाहतीतली पोरं त्याच्या गाडीला उंटाची गाडी म्हणत. आज काटा एकशेचाळीसला टेकला आणि रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचा झगझगाट दोनदा त्याच्या तोंडावर झाला.  मागच्या सीटवरून नूरैन म्हणाली की गफूरचाचांनी असं खोटं छापायला नको होतं. धंद्यासाठी माणसं काहीही लिहितात.

इथे उदयला गप्प राहता आलं असतं. गफूर समोर नव्हता, आणि म्हातारीच्या लेखी उदय हा नुसता गाडी चालवणारा होता. एखाद-दोन किलोमीटर तो गप्प राहिलाही. मग त्याचं त्यालाच असह्य झालं.

"ती ओळ गफूरभाईंची नाही," तो म्हणाला. "मी लिहिली. भाभींनी विचारलं होतं खात्री करू का म्हणून. मीच नको म्हणालो."

 आरशात त्याला अमिरुन्निसांचा फक्त चष्मा दिसत होता.

"का लिवलीस?" त्यांनी विचारलं.

तेव्हा त्याने सांगितलं. मनमाडची खिडकी, वडिलांचा शेरा, अमेरिकेतली टाइमटेबलं, झऱ्याचं पाणी, फुकट घोडागाडी, सगळं. बचाव म्हणून नाही, विचारलं म्हणून. इतक्या वर्षांत रेल्वेबद्दल बोलताना त्याला पहिल्यांदाच लाज वाटत होती. म्हातारी शेवटपर्यंत ऐकत होती.

"म्हंजे तुज्या बापाचं तिकीट चालायचं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आनि त्या अमेरिकेवाल्यांचंबी."

"हो, खाला."

"माजंच तेवढं नाय चाललं." आणि त्या हसल्या. आधी खुदकन, मग अंग हलवून. नूरैनही रडता रडता हसू लागली. उदयला हसू आलं नाही, पण स्टिअरिंगवरची पकड जरा सैल झाली. हसणं थांबल्यावर त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की नशिबात असेल तर पोचू, नसेल तर तू काय करणार. तो मात्र नशिबावर सोडायला तयार नव्हता. चूक त्याची होती.

नऊच्या सुमाराला वाऱ्याने धूळ उठली. पुढचं काही दिसेना, ट्रक दिवे लावून रांगेने सरकू लागले आणि काटा चाळीसवर आला. पंचवीस मिनिटं ते तसेच रांगत राहिले. त्या पंचवीस मिनिटांत उदयने मनातल्या मनात अंतराला वेगाने किती वेळा भागलं असेल, त्याला सुमार नाही. दर वेळी उत्तर थोडं वाईटच येत होतं. मग धूळ मागे पडली, डोंगर दिसू लागले, आणि अमिरुन्निसांनी विचारलं की आत गेल्यावर मशिदीपाशी गाडी लावायला जागा मिळेल का, म्हणजे तुलाही नमाजला येता येईल.

"मी हद्दीपर्यंतच येऊ शकतो, खाला," तो म्हणाला. "मी हिंदू आहे. पुढे शौकत म्हणून एक जण नेईल. खेडचा आहे, टॅक्सी चालवतो. गफूरभाईंनी त्याला उभं करून ठेवलंय."

"अस्सं," त्या म्हणाल्या आणि बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या.

शौकत होता. मुसलमानेतरांना जिथून पुढे जाता येत नाही त्या हरमच्या हद्दीच्या पाटीच्या अलीकडे पेट्रोल पंपापाशी, इंजिन चालू ठेवून, दारं उघडी टाकून. दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. उदयने जवळजवळ उचलूनच म्हातारीला एका सीटवरून दुसऱ्या सीटवर नेलं. त्यांची एक चप्पल मध्येच गळून पडली, ती नूरैनने उचलली. "यल्ला, यल्ला," म्हणत शौकत घाई करत होता. निरोप घ्यायला कुणाला वेळच नव्हता. टॅक्सी वळली, पाटीच्या पलीकडे गेली आणि इतर गाड्यांत मिसळून दिसेनाशी झाली.

आता उदयने परत जायला काही हरकत नव्हती. त्याचं काम संपलं होतं. पण पाय निघेना. तो पंपाच्या सावलीत गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. साडेदहा झाले. दहा चाळीस. नूरैनला फोन करावा असं दहादा वाटलं आणि दहाही वेळा त्याने फोन खिशात परत ठेवला, कारण आत असतील तर फोन वाजायला नको, आणि आत नसतील तर ते ऐकायची त्याची छाती नव्हती. मैमुनेचा फोन आला. काही कळलं का, तिने विचारलं. अजून नाही, तो म्हणाला. तरी दोघांनी काही वेळ फोन तसाच कानाला धरून ठेवला. अकरा वाजून गेले. ऊन सावलीत शिरलं. तो फक्त एकच गोष्ट मागत होता, कुणाकडे ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. त्या म्हाताऱ्या बाईला आत जाऊ दे. बाकी काही नको.

पावणेबाराला शौकतची टॅक्सी परत येताना दिसली. मागच्या सीटवर काळा बुरखा दिसला. परत आणलं म्हणजे आत सोडलं नाही. टॅक्सी थांबली. नूरैन उतरली, तिने दादीचा हात धरला, आणि अमिरुन्निसा गुडघे सावरत, थांबत थांबत त्याच्याकडे चालत आल्या. त्यांचा चेहरा त्याने पाहिला आणि त्याला विचारावं लागलं नाही.

नूरैन एका दमात सांगत सुटली. दरवाज्यावर पोचल्या तेव्हा साडेदहाला दोन मिनिटं कमी होती. दादी, जी जिना चढताना दहा वेळा थांबते, ती शेवटचं अंतर धावली. अक्षरशः धावली. आणि मग हॉटेलात जाऊन आडवं व्हायचं सोडून, इकडे यायचं म्हणून हट्ट धरून बसली. फोनवर बोल म्हटलं तर ऐकेना.

अमिरुन्निसांनी उदयच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. उदयचे डोळे भरून आले. त्याने ते पुसलेही नाहीत.

"माफ करा, खाला," तो म्हणाला.

"गप," त्या म्हणाल्या. "ऐक. आत गेल्ये तर काय सुचंना. पयलं मालकांसाठी मागलं. मग पोरांसाठी. मग गफूरच्या डोळ्यासाठी, मैमुनेसाठी. मग तुज्यासाठी हात उचलले, आनि बग, तुजं नावच मला ठाऊक नाय. सकाळपासून तुज्या गाडीत बसल्ये, आनि विचारलंच नाय. तिथली बाई बोलत होती, उठा, टाइम झाला. मी बोलल्ये, राबिघवाला, ज्याने मला आणली तो. मागलं तसंच. पण मनाला बरं वाटंना." त्यांनी दम घेतला. "तू आत येऊ शकत नायस. म्हणून मी बाहेर आल्ये. दुपारनंतर असरच्या नमाजला परत जाणार हाय मशिदीत. नाव सांग."

"उदय."

"आईचं? दुवा आईच्या नावानं मागतात."

"मधुमती."

अमिरुन्निसांनी डोळे मिटले आणि दोन्ही नावं ओठांतल्या ओठांत तीनदा म्हटली, विसरू नयेत म्हणून. मग नातीचा हात धरला, टॅक्सीत बसल्या आणि हद्दीच्या आत निघून गेल्या.